पदवीचं व्रत आणि कुकरच्या दोन शिट्ट्या

विद्या जितकी लांब, तितकी पवित्र. जवळची वस्तू माणूस वापरतो आणि लांबच्या वस्तूला नमस्कार करतो, हा सृष्टीचा नियम आहे. पारावरच्या मारुतीला आपण सायकलवरूनच हात जोडतो, पण डोंगरावरच्या देवीला अनवाणी जातो. घरात नांदणारी सून आणि पुण्याला राहणारी सून यांच्या गुणांत जो फरक पडतो, तो तर स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे (इच्छुकांनी अर्ज करावेत). याच न्यायाने विद्यापीठ गावात असलं की मुलं तिथल्या कँटीनमध्ये समोसे खातात. ते लांब असलं की मात्र त्याचा फॉर्म भरण्याआधी हात धुतात.

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौसरच्या मराठी लोकांना हे फार आधी कळलं. त्यांनी आपलं विद्यापीठ इतकं लांब ठेवलं आहे की ते आजवर कुणालाच दिसलेलं नाही. त्याचं नाव इथे घेतलेलं नाही. नवऱ्याचं नाव बाई उखाण्याशिवाय घेत नाही आणि विद्यापीठाचं नाव विद्यार्थी निकाल लागेपर्यंत घेत नाही. ते आहे, याचे तीन पुरावे दिले जातात. एक, त्याची वेबसाइट आहे (उघडत नाही). दोन, त्याची हेल्पलाइन आहे (वाजते). आणि तीन, शालिकराम सर आहेत.

शालिकराम सर हे अभ्यास केंद्राचे समन्वयक. केंद्र पांढुर्ण्यात, संत्र्याच्या पेट्या विकणाऱ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. सर याच टेबलावर विमाही उतरवतात आणि संत्र्याची कलमंही बुक करतात. त्यामुळे बी.ए.ला प्रवेश घ्यायला आलेला एक मुलगा विम्याचा फॉर्म भरून गेल्याचं उदाहरण आहे, पण ते एकच. तो मुलगा आजही समाधानी आहे. मेल्यावर का होईना, काहीतरी हातात पडण्याची खात्री त्या टेबलावरच्या पदवी, विमा आणि कलमांच्या गिऱ्हाइकांपैकी त्यालाच मिळाली.

बोरगावची यमुना या केंद्राची विद्यार्थिनी. गावच्या अंगणवाडीची ही कार्यकर्ती. अर्धं गाव तिच्या हातची खिचडी खाऊन मोठं झालं आणि आता तिला ‘दीदी’ म्हणून मोटारसायकली उडवतं. यमुनेला पर्यवेक्षिका व्हायचं होतं. त्यासाठी पदवी लागत होती, आणि वयाच्या अटीत ती यंदाच शेवटची बसत होती. यंदा नाही तर कधीच नाही. तशी ती शांत बाई. खुर्चीची हाव तिला नव्हती. पण तीन वर्षांपूर्वी तिच्या अंगणवाडीची तपासणी करायला जी नवी पर्यवेक्षिका आली, ती पल्लवी होती. जिचं नाक यमुनेनं दोन वर्षं आपल्या पदरानं पुसलं, तीच पल्लवी! खुर्चीवर बसून म्हणाली, “दीदी, मुलांची नखं कापलेली नाहीत.” यमुनेनं ‘हाव’ (म्हणजे ‘हो’) म्हटलं. घरी येऊन देवापुढे दिवा लावला आणि नेम घेतला: पदवी हाती येईस्तोवर रोज देवाला ताजं फूल वाहीन, शिळं काही वाहणार नाही.

आता दूरस्थ शिक्षणाची पद्धत समजून घेणं आवश्यक आहे, कारण तिच्यामागे विचार आहे.

पुस्तकं परीक्षेनंतर येतात. परीक्षेआधी पुस्तक आलं तर विद्यार्थी ते उघडतो, घाबरतो आणि परीक्षा देत नाही. म्हणून पहिल्या वर्षाची पुस्तकं तिसऱ्या वर्षी पाठवली जातात, तोवर वाचणाऱ्याचं वय परिपक्व झालेलं असतं आणि वाचायचं कारण उरलेलं नसतं. ज्ञानासाठी ज्ञान, अशी जी म्हण थोर लोक वापरतात, ती प्रत्यक्षात आणणारी एवढीच संस्था आहे.

संपर्क वर्गही असतो. वर्षातून एकदा बाहेरगावचा प्राध्यापक विद्यार्थ्यांच्या संपर्कात येतो. विद्यापीठानं एके वर्षी हा वर्ग पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवला. त्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन्ही काठांवर उभे राहून एकमेकांना गोटे मारतात, ही गोष्ट दूर राहणाऱ्या विद्यापीठाला कुणी कळवली नव्हती. प्राध्यापक तिगावच्या स्टेशनावर उतरले, ऑटोनं पुलापर्यंत आले, त्यांनी समोरचा प्रकार पाहिला आणि दूरस्थ शिक्षणाचं महत्त्व त्यांना जागच्या जागी पटलं. तेव्हापासून संपर्क वर्ग त्यांच्या घरी होतो. ते हजर असतात. विद्यार्थ्यांची हजेरी शालिकराम सर इथून लावतात. शंभर टक्के. अशी हजेरी कोणत्याही नियमित कॉलेजानं दाखवून द्यावी.

पण या सगळ्याचा गाभा म्हणजे सत्रीय कार्य, ज्याला भाविक ‘असाइनमेंट’ म्हणतात. प्रश्न विद्यापीठ पाठवतं. उत्तरं मात्र आधीच अस्तित्वात असतात. फार वर्षांपूर्वी सौसरच्या एका गुणी मुलीनं ती लिहिली. मोत्यांसारखं अक्षर. त्या वहीची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची झेरॉक्स, अशी परंपरा आजतागायत अखंड चालू आहे. हिला ‘मूळ प्रत’ म्हणतात. प्रत्येक पिढी ती हातानं उतरवते आणि पुढच्या पिढीकडे देते. फरक करत नाही. फरक करणारे आपण कोण?

समाजशास्त्राच्या पेपरात ‘परिवार म्हणजे काय?’ असा प्रश्न आहे. ती गुणी मुलगी हे उत्तर स्वयंपाकघरात बसून लिहीत होती आणि तिची आई तिला त्याच वेळी वरण शिकवत होती. त्यामुळे मूळ प्रतीत असं लिहिलं आहे: “परिवार समाज की प्रथम पाठशाला है। इसके बाद कुकर की दो सीटियाँ होने दें। संस्कार यहीं से आरंभ होते हैं।”

पहिल्या वर्षी परीक्षकानं ते वाक्य वाचलं नाही. दुसऱ्या वर्षी सगळ्याच वह्यांत ते दिसलं, तेव्हा त्यानं बरोबरची खूण केली. तिसऱ्या वर्षी खाली रेघ ओढली. पुढे परीक्षक बदलले, पण आधीच्या साहेबानं रेघ ओढली त्या अर्थी काहीतरी महत्त्वाचं असणार, हे त्यांनी ओळखलं. आता त्या शिट्ट्यांना स्वतंत्र गुण आहेत.

यमुनेनं पहिली दोन वर्षं रीतीप्रमाणे पार पाडली. तिसऱ्या वर्षी, श्रावणात, तिगावच्या उर्वशीनं तिला समाजशास्त्राची झेरॉक्स आणून दिली. उर्वशीचं ब्युटी पार्लर आहे. तिला नोकरी नको, फक्त बोर्डावर नावापुढे बी.ए. पाहिजे. भुवया कोरणाऱ्या बाईच्या हातात पदवी असली की गिऱ्हाईक हलत नाही, असा तिचा अनुभव.

यमुना ओसरीवर वही घेऊन बसली. सासू देवकाबाई शेजारी वाती वळत होत्या.

“काय लिहून राहिली वं?”

“असाइनमेंट व्हय, आत्याबाई.”

“कोनाचं पाहून?”

“उर्वशीचं.”

“तिनं कोनाचं पाह्यलं?”

“तिच्या मावसबहिणीचं. तिनं आनखी कोनाचं.”

देवकाबाईंनी वात खाली ठेवली. “आन् त्या साऱ्याजनींनी हे विद्यापीठाले पाठवलं?”

“हाव.”

“म्हंजे वाह्यलं. विद्यापीठ म्हंजे सरस्वतीचं ठानं. तिथं पाठवतो ते वाहनंच झालं. एकीनं वाह्यलेलं फूल दुसरीनं उचलून वाहाचं? निर्माल्य झालं ना ते, यमुने! आन् तुहा नेम काय हाय? ताजं वाहीन म्हून ना?”

यमुनेच्या हातातला पेन थांबला. शास्त्र बिनतोड होतं. नेम पदवीसाठीच घेतलेला, आणि पदवीलाच निर्माल्य वाहायचं म्हणजे भलताच अनर्थ.

म्हणून तिनं ते कृत्य केलं, जे त्या केंद्राच्या इतिहासात कुणी केलं नव्हतं. तिनं पुस्तक वाचलं.

आधीच्या एका तुकडीसाठी उशिरा आलेलं हे पुस्तक दुकानाच्या मागच्या खोलीत, पेट्यांना टेकू म्हणून लावलेलं होतं. शालिकराम सरांनी ते काढून दिलं (पेट्या एका बाजूला कलल्या) आणि काळजीनं विचारलं, “मॅडम, घरी सारं ठीक हाय ना?”

ती रोज आंघोळ करून, दिवा लावून, एक प्रश्न लिहायची. चतुर्थीला उपाशी राहून लिहायची, सोमवारी एकभुक्त राहून. ‘परिवारातील सत्तेची विभागणी स्पष्ट करा’ यावर तिनं लिहिलं की कुटुंबात सत्ता त्या माणसाकडे असते ज्याच्याकडे लोखंडी कपाटाची किल्ली असते. पुरुषाला ती स्वतःकडे आहे असं वाटतं, कारण कपाट कुठे आहे ते त्याला माहीत असतं. हे तिनं देवकाबाईंना वाचून दाखवलं. देवकाबाईंनी कमरेची किल्ली चाचपून पाहिली आणि म्हणाल्या, “पुस्तकं चांगले असते वं. उगीच बदनाम केले लोकांनी.”

यमुनेनं वही फुलासारखी दोन्ही हातांनी केंद्रात दिली.

निकाल आश्विनात लागला. सगळे पास. उर्वशीनं तर त्याच संध्याकाळी बोर्ड रंगवायला टाकला. यमुनेच्या नावापुढे लिहिलं होतं: राखून ठेवला. सोबत नोटीस. नोटीस शुद्ध सरकारी हिंदीत होती, तिचा मथितार्थ असा:

(क) सदर विद्यार्थिनीची उत्तरं केंद्रातील अन्य कोणत्याही विद्यार्थ्याच्या उत्तरांशी जुळत नाहीत.
(ख) सबब ती कुठून उतरवली, याचा तपास लागू शकत नाही.
(ग) ज्या उत्तराचा उगम सापडत नाही, ते अनुचित साधनांनी मिळवलं असं मानण्यात येतं.
(घ) उत्तरात शिट्ट्यांचा उल्लेख नाही.

यमुना पांढुर्ण्याला गेली ती बसमध्ये उभीच गेली. बसायला जागा होती, पण बसवेना. पर्यवेक्षिकेच्या निवडीची तोंडी परीक्षा दिवाळीआधी होती आणि निकालपत्रक नसेल तर आत घेणार नव्हते.

शालिकराम सर कलम बांधत होते. त्यांनी नोटीस वाचली, हात पुसले, पुन्हा वाचली.

“काहून केलं असं मॅडम तुमी?”

“मी तं पुस्तक वाचून लिहिलं जी.”

“तेच तं! पुस्तक प्रत्येकाले वेगळं समजते. मूळ प्रत साऱ्यायले सारखी समजते. आता तुमीच सांगा, सारे पोट्टे एकच उत्तर लिहून राहिले आन् तुमी एकट्या दुसरं. कोन बरोबर असन?”

“मले काय मालूम जी.”

“मले मालूम हाय. मी पंधरा वर्सं हजेरी लावून राहिलो.” मग त्यांना दया आली. सर वाईट माणूस नव्हते. “घाबरू नका. सुनावनी ठेवतो. ऑनलाइन हाय, आपल्या फोनवरच होते.”

सुनावणी झाली. संत्र्याच्या पेटीवर सरांचा फोन उभा केला, त्यात समितीचा चेहरा उगवला, आणि नेटवर्क गेल्यामुळे तोंड उघडं असतानाच तो थिजला. पुढे सुनावणीभर तो तसाच राहिला. समितीच्या चेहऱ्यावर शेवटपर्यंत कोणताही पक्षपात दिसला नाही, याची नोंद घ्यायला हवी. आवाज मात्र येत होता.

“आपने सीटियाँ क्यों नहीं लिखीं?”

यमुनेनं पदर सावरला. खोटं बोलायची सवय नव्हती. “साहब, तुरीची डाळ दोन शिट्टीत शिजत नाही. तीन लागतात.”

उघड्या तोंडाच्या समितीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. तुरीच्या डाळीचा मुद्दा याआधी कुणी मांडला नव्हता. मग निर्णय आला: विद्यार्थिनीचा हेतू शुद्ध दिसतो, तिने अज्ञानापोटी अभ्यास केला आहे. सबब तिला एक संधी देण्यात येते. तिने सर्वमान्य उत्तर स्वहस्ते उतरवून आठवड्याच्या आत सादर करावं.

“झालं काम!” शालिकराम सर खूश. “घरी जा, झेरॉक्स उतरवा, पेढे आना.”

पण काम झालं नव्हतं. पदवी हाती यायची होती, नेम डोक्यावर होता. उतरवलं तर नेम मोडतो आणि मोडलेल्या नेमाची पदवी फळत नाही. नाही उतरवलं तर पदवीच नाही, आणि जन्मभर पल्लवीला नखं दाखवायची. यमुना ओसरीवर येऊन बसली. जेवली नाही. त्या दिवशी कोणताही उपास नव्हता, म्हणून देवकाबाईंच्या लक्षात आलं.

“काय झालं सांगशीन का नाही?”

यमुनेनं सगळं सांगितलं. सांगता-सांगता रडली. “पल्लवी माह्या समोर खुर्चीवर बसते आत्याबाई, आन् मी उभी राह्यते. मले तेवढंच पाहिजे होतं. एकडाव बसाचं.”

देवकाबाईंनी सुनेपुढे पाण्याचा तांब्या ठेवला. उठल्या, देवघरात गेल्या, बाहेर आल्या. पुन्हा आत गेल्या. या बाईनं आयुष्यात किती व्रतं केली असतील, त्याची गणती नाही, आणि ज्याला व्रतं ठाऊक असतात त्याला व्रतातल्या पळवाटाही ठाऊक असतात. त्या शास्त्रानंच ठेवलेल्या असतात, माणूस ओळखून.

“यमुने,” त्या म्हणाल्या, “फूल शिळं होते. पन बेल?”

यमुनेनं डोळे पुसले.

“बेल कधी शिळा होते का वं? वाह्यलेला बेल धुवून परत वाहता येते. माह्यी आजी एकच पान महिनाभर वाहे.”

“पन हे बेल थोडीच हाय, आत्याबाई. हे उत्तर व्हय.”

“तं मले सांग, इतकी वर्सं झाली, ते उत्तर सुकलं का? किडलं का? पिवळं पडलं का? अजून तसंच टवटवीत पास होऊन राह्यलं. मंग ते फूल कसं असन? बेलच व्हय ते. धुवून काढ अन् वाह्य.”

यमुनेनं उर्वशीची झेरॉक्स तांब्याच्या पातेल्यात बुडवली, एकेक पान हलक्या हातानं धुतलं आणि अंगणातल्या दोरीवर, साड्यांच्या मधोमध, चिमटे लावून वाळत टाकलं. शेजारची केसरबाई कुंपणाजवळ येऊन उभी राहिली.

“काय वाळवून राहिल्या, यमुनाबाई?”

“समाजशास्त्र.”

“अस्सं?” केसरबाई म्हणाली. “आमी तं दरवर्षी पापडच करतो.”

उत्तर वाळल्यावर यमुनेनं ते उतरवलं. जसंच्या तसं. फक्त शिट्ट्यांपाशी तिचा जीव अडला. स्वयंपाकघरातली बाई किती म्हणून खोटं लिहील? म्हणून तिनं कंसात बारीक अक्षरात जोडलं: (तुरीच्या डाळीस तीन).

निकाल आठ दिवसांत आला. प्रथम श्रेणी. समाजशास्त्रात केंद्रात पहिली. शेरा होता: ‘विद्यार्थिनीने विषयात मौलिक भर घातली आहे.’ शालिकराम सरांनी तिची वही ताबडतोब झेरॉक्सला पाठवली, नव्या मुलांसाठी. एका जोडलेल्या कंसामुळे परंपरा पुढे गेली.

मग तोंडी परीक्षा. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून तिथे साहेब लोक भरपूर आहेत. त्यातले एक मोठ्या टेबलामागे बसले होते. मोठ्या शहरातल्या मोठ्या कॉलेजात रोज जाऊन शिकलेले. डोक्यामागे भिंतीवर त्यांची पदवी, सोनेरी चौकटीत. त्यांनी यमुनेच्या कागदांवर नजर टाकली आणि ‘दूरस्थ’ हा शब्द वाचून जरा मागे टेकले.

“पढ़ा-वढ़ा है, या ऐसे ही?”

“पढ़ा है, साहब.”

“परिवार किसे कहते हैं?”

यमुनेकडे आता दोन उत्तरं होती. एक तिचं आणि एक सर्वांचं. तिनं क्षणभर देवाचं नाव घेतलं आणि स्वतःचं दिलं. कपाट, किल्ली, सगळं. साहेबांनी समोरच्या कागदावर बोट फिरवलं. विभागानं तज्ज्ञांकडून आदर्श उत्तरं मागवलेली होती (तज्ज्ञ म्हणजे शिट्ट्यांना गुण देणारे तेच परीक्षक, हे वाचकांनी ओळखलंच असेल). साहेबांचं बोट कपाट शोधत होतं. सापडेना.

“और कुछ?” साहेबांचा पेन फुलीच्या जागी येऊन थांबला.

यमुनेला आपली अंगणवाडी दिसली, खुर्ची दिसली, खुर्चीवरची पल्लवी दिसली.

“परिवार समाज की प्रथम पाठशाला है,” ती हळूच म्हणाली.

“हं.” बोट कागदावर स्थिरावलं. “आगे?”

“इसके बाद कुकर की दो सीटियाँ होने दें।”

“गुड.” साहेबांनी मान वर न करता खूण केली. “नेक्स्ट.”

यमुना आज पर्यवेक्षिका आहे. पल्लवीची बदली दुसऱ्या भागात झाली. जाताना तिनं स्वतः खुर्ची पुसून पुढे केली आणि म्हणाली, “बसा ना मॅडम.” यमुना बसली. एकदाच. मग उठून पोरांची नखं कापायला लागली, कारण ती खरंच वाढली होती.

आता राहिला प्रश्न वाचकांचा. ही हकिकत वाचताना तुम्ही पांढुर्ण्याला हसलात. त्याबद्दल तक्रार नाही, हसणं पोटाला चांगलं. तुम्ही नियमित कॉलेजातले. पहिल्या बाकावर बसलात, ‘प्रेझेंट सर’ म्हणालात, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर फोटो काढलात, आणि तुमचीही पदवी भिंतीवर असेलच. नसली तर आईनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून गादीखाली जपून ठेवली असेल. तर एवढं करा. त्या पदवीच्या शेवटच्या वर्षात जे शिकलात, त्यातलं एक वाक्य आत्ता म्हणून दाखवा. कोणत्याही विषयातलं, पण पूर्ण वाक्य. घरचे जवळ बसले असतील तर मनातल्या मनात म्हणा.

सावकाश आठवा. यमुनेला निदान एक येतं.